ज्यांचे चित्र कोणी छापले नाही



आपल्या घरात एखादी पत्र्याची पेटी असेल. तिच्यात जमिनीचे कागद, लग्नाच्या पत्रिका, एखादे जुने प्रमाणपत्र आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन-चार फोटो. त्यातला एखादा उचलून घरातल्या पोराने विचारले, "आजोबा, हा कोण?" की आजोबा चष्मा सारखा करतात, फोटो उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "हा ना? अरे, तो आपल्या अमक्याचा मामा. नाव आत्ता ओठावर होते बघ." ते ओठावरचे नाव पुष्कळदा ओठावरच राहते. आज मी बोलणार आहे ते अशाच नावांविषयी, आणि त्यातही खेळाडूंच्या नावांविषयी. पण सुरुवात करावी लागेल ती थेट अमेरिकेपासून. फेरा जरा दूरचा आहे. मात्र परत आपल्या वैनगंगेच्या काठी येऊ, याची खात्री बाळगा.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. चेंडू फेकायचा, दांडक्याने टोलवायचा आणि धावत धावत चार ठाणी गाठून पुन्हा घरी यायचे. आपल्या क्रिकेटचा तो दूरचा चुलतभाऊ समजा. १८८० नंतरच्या काळात तिथल्या सिगारेट कंपन्यांपुढे एक साधी अडचण होती. सिगारेटचे पाकीट मऊ कागदाचे. खिशात ठेवले की सिगारेटी वाकत, मोडत. म्हणून आत एक जाड कागदाचा तुकडा घालू लागले. पुढे कोणाच्या तरी डोक्यात आले की हा तुकडा कोरा कशाला ठेवायचा? त्यावर चित्र छापा. मग नट्यांची चित्रे झाली, पक्ष्यांची झाली, आणि बेसबॉल खेळाडूंची झाली. झाले! पोरे दुकानाबाहेर उभी राहून सिगारेट घेणाऱ्या प्रत्येक बाप्याच्या मागे लागू लागली, "काका, चित्र द्या ना!"

आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आपला भंडारा-गोंदियाचा मुलूख म्हणजे तेंदूपानाचा आणि बिडीचा मुलूख. बिडीच्या बंडलावरचा तो रंगीत छाप आठवा. कुठे वाघ, कुठे हत्ती, कुठे फेटा बांधलेला खुद्द कारखानदार! आम्ही लहानपणी ते छाप आणि काड्यापेटीवरची चित्रे वहीत चिकटवत असू, आणि दोन वाघ देऊन एक मोर घेत असू. तंबाखूचे व्यसन वाईट, हे मी शिक्षक म्हणून सांगितलेच पाहिजे. पण तंबाखूच्या वेष्टनातून निघालेल्या चित्राने कित्येक पोरांना नीट ठेवण्याची आणि मागचे बारीक अक्षर वाचण्याची सवय लावली, हेही खोटे नाही.

या व्यसनाचीच एक गोष्ट आहे. १९०९ ते १९११ या काळात तिथे सिगारेटच्या पाकिटांतून पाचशेहून अधिक चित्रांचा एक मोठा संच निघाला. त्यात होनस वॅग्नर नावाच्या नामांकित खेळाडूचेही चित्र होते. पण त्याने ते छापणे थांबवायला लावले. कोणी म्हणतात, आपल्या चित्रासाठी पोरांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला रुचले नाही. कोणी म्हणतात, पैशावरून बिनसले. कारण काही असो, चित्रे थोडीच बाहेर पडली आणि आज ती साठच्या आतबाहेर उरली आहेत. त्यातले एक २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. त्याच वर्षी मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे एक कार्ड सव्वा कोटी डॉलरच्या वर गेले. म्हणजे आपल्या हिशेबाने शंभर कोटी रुपयांच्या घरात! एवढ्या पैशात आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांची छपरे नीट होतील, याचा हिशेब गुरुजींनी मुलांना गणित म्हणून घालावा. आणि मौज ऐका. १९५२ सालच्या त्या संचाची न खपलेली कार्डे वखारीत जागा अडवून बसली, म्हणून पुढे १९६०च्या सुमारास ती बोटीत भरून समुद्रात बुडवली, असे त्या कंपनीच्याच माणसाने नंतर सांगून ठेवले आहे. ज्याला आज कोट्यवधी मिळतात, ते काल कचरा म्हणून पाण्यात गेले.

पण मला या किमतींचे फारसे कौतुक नाही. किंमत हा बाजाराचा विषय. मला कौतुक आहे ते जेफरसन बर्डिक नावाच्या एका माणसाचे. हा सिराक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडण्याचे काम करी. संधिवाताने त्याची बोटे वाकडी झाली होती. घरदार-संसार नाही. पगारातून वाचेल त्या पैशात तो असली छापील चित्रे जमवी आणि त्यांची व्यवस्थित यादी करी. १९३९ साली त्याने अशा चित्रांची पहिली मोठी सूची छापली. त्याने दिलेले क्रमांकच जमवणारे लोक आजही वापरतात. पुढे तीन लाखांहून अधिक वस्तूंचा आपला संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. त्यात तीसेक हजार बेसबॉलची कार्डे होती. वर्षानुवर्षे तिथे एका टेबलाशी बसून त्या दुखऱ्या बोटांनी त्याने ती वहीत लावली. १९६३च्या जानेवारीत काम संपले, दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात दाखल झाला आणि मार्च महिन्यात वारला. हा माणूस कधी बेसबॉलचा सामना पाहायलासुद्धा गेला नव्हता, असे सांगतात! त्याने मोठा खेळाडू आणि छोटा खेळाडू असा भेद ठेवला नाही. वॅग्नरला जशी वहीत जागा, तशी एक हंगाम खेळून घरी गेलेल्या गड्यालाही जागा.

आता जमवणाऱ्यांमध्ये एक वेगळी जात आहे, आणि माझ्या मते तीच खरी. हे लोक महागड्या कार्डाच्या वाटेला जात नाहीत. ते शोधतात आपल्या गावचा खेळाडू, किंवा बापाने ज्याचे नाव घेतले होते तो, किंवा ज्याच्या एखाद्या गोष्टीने मनात घर केले तो. अशांची कार्डे बाजारात चिल्लरीच्या भावात मिळतात, कारण ती दुसऱ्या कोणाला नको असतात. मो बर्ग नावाचा एक खेळाडू घ्या. तो आपल्याकडच्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसून चेंडू अडवी. पंधरा हंगाम खेळला आणि सगळे मिळून सहा मोठे टोले मारले. खेळाडू म्हणून बेताचाच. पण प्रिन्स्टन विद्यापीठात तो ज्या सात भाषा शिकला, त्यांत एक आपली संस्कृत होती! पुढे दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेचा हेर झाला. १९४४च्या डिसेंबरात झुरिकला हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचे व्याख्यान होते, तेव्हा जर्मनीचा अणुबाँब कुठवर आला याचा अंदाज घ्यायला, खिशात पिस्तूल ठेवून हा श्रोत्यांत बसला होता. आता सांगा, एखाद्या संस्कृतच्या मास्तराने सगळे विक्रमवीर सोडून या बेताच्या खेळाडूचे चित्र जपले, तर त्याला वेडा म्हणायचे का?

बरे, आपल्याकडे काय? आपल्याकडचा पहिला मान रणजितसिंहजींचा. १८९६ साली इंग्लंडात विल्स कंपनीने क्रिकेटपटूंची चित्रे काढली, त्यांत ते होते. पुढे फार वर्षांनी आपल्याकडे च्युइंगगमच्या वेष्टनातून धावा आणि बळी छापलेली खेळाडूंची चित्रे निघू लागली, ती आज पन्नाशीकडे झुकलेल्या पुष्कळांना आठवत असतील. ‘षटकार’सारख्या मराठी नियतकालिकातली चित्रे तर खेड्यातल्या न्हाव्याच्या दुकानातही पोचली. पण चित्र निघाले ते कोणाचे? जो आधीच सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचे. नागपूरचे सी. के. नायडू १९३२ साली हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. त्यांचे चित्र असणारच, असावेच. पण विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो आहे आणि करंडक पहिल्यांदा हाती आला तो २०१८च्या १ जानेवारीला, इंदूरच्या मैदानावर. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने लागोपाठ तीन गडी बाद केले, हे पोराटोरांना माहीत आहे. मधल्या साठ वर्षांत जे हरत हरत खेळले, ज्यांनी रेल्वेच्या साध्या डब्यातून जाऊन चार दिवस ऊन खाल्ले आणि परत आले, त्यांचे चित्र कुठे आहे?

मी माझ्या वहीत पहिली जागा दिली ती मुंबईच्या पद्माकर शिवलकरांना. डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी. १९७३ साली मद्रासला रणजीच्या अंतिम सामन्यात त्यांनी १६ धावांत ८ गडी बाद केले. एवढे करून कसोटी सामना एकही नाही, कारण त्याच काळात त्याच हाताने बिशनसिंग बेदी गोलंदाजी करीत होते. रेडिओवर मी त्यांचे नाव ऐके आणि मला आमच्या घरच्या धाकट्या काकांची आठवण येई. थोरला भाऊ कर्तबगार असला की धाकट्याचे सगळे गुण घरातच राहतात, तसे. २०२५च्या मार्चमध्ये शिवलकर गेले. त्या दिवशी मी वही काढून ते वर्तमानपत्रातले पिवळे पडलेले चित्र पाहिले आणि खाली साल घातले.

दुसरी जागा बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांची. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत खेडुतांना अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिले आणि मनात घेतले की ही पोरे ऑलिंपिकला पाठवायची. १९२० साली अँटवर्पला सहा जण गेले. चौगुले मॅरेथॉन धावले. दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदात एकोणिसावे आले. त्याच वेळी रणधीर शिंदे नावाचा मल्ल कुस्तीत चौथा आला. चौथा! एक पायरी वर असता तर खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीच्या पदकाआधी बत्तीस वर्षे आपल्या घरी पदक आले असते. आज शंभर शिक्षकांना विचारा, रणधीर शिंदे कोण? दोघेचौघे सांगतील, तेही अंदाजाने.

आणि तिसरे पळवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेला हा गोलंदाज पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, लोळवण्याचे काम करी. पुढे हिंदू संघात घेतले, पण चहाच्या वेळी त्याला मातीच्या भांड्यात बाहेर चहा मिळे आणि इतरांना आत कपबशीतून. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. हा बाळू १९३७ साली मुंबईत निवडणुकीला उभा राहिला, तोही कोणाविरुद्ध? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध! बाबासाहेब जिंकले. आपल्या भंडाऱ्याला बाबासाहेबांची निवडणूक म्हटली की १९५४ची पोटनिवडणूक आठवते, जी ते इथून हरले. त्या आठवणीचा सल अजून इथल्या वस्त्यांत आहे. पण त्यांच्यासमोर एकदा एक मोठा क्रिकेटपटू उभा होता आणि तोही त्याच वेदनेतून आलेला होता, ही गोष्ट वर्गात सांगा. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा मान वर करून पाहतो, हा माझा अनुभव आहे.

श्रोतेहो, इथवर मी जी नावे घेतली त्यांची निदान पुस्तकात नोंद आहे. आता मी सांगतो ते कुठल्याच पुस्तकात नाही, आणि त्यात दोष माझाच आहे.

१९७७ सालची गोष्ट. मी नुकताच मास्तर झालो होतो. वैनगंगेच्या काठचे गाव. संक्रांतीनंतरचे दिवस, धान चुरून झालेले, पोरे मोकळी. आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ त्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात शेवटपर्यंत गेला. बारा पोरे. गावात वर्गणी करून बनियन आणायचे ठरले. पैसे पुरले अकराच बनियनांना. मी म्हटले, चालेल, आळीपाळीने घालतील. पण बनियन अंगावर चढले की ते कोण उतरवतो? बारावा राहिला तो राहिला. तो होता ढिवर समाजातला एक पोरगा, नववीतला. डाव्या कोपऱ्याला उभा राही. आपल्या बापाच्या मागे डोंग्यात बसून जाळे ओढायचे त्याचे हात. निसटत्या मासोळीला धरायची सवय. समोरच्या चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात आला की संपले. मळक्या सदऱ्यातच तो सगळे सामने खेळला.

शेवटचा सामना. आम्ही एका गुणाने पुढे, वेळ संपत आलेली आणि त्यांचा सगळ्यात नावाजलेला गडी चढाईला आला. उंच, पायाने चपळ, दम असा की घुमतच राहावा. त्याने आमच्या दोघांना शिवले आणि मध्यरेषेकडे झेप घेतली. आणि या पोराने आडवे होऊन त्याचा घोटा धरला. तो ओढतो आहे, हा मातीतून घसटत जातो आहे, पण हात सुटत नाही. रेषेच्या वीतभर अलीकडे त्याचा दम तुटला. शिट्टी झाली. लोक मैदानात घुसले. आणि खांद्यावर कोणाला घेतले? आमच्या कर्णधाराला, ज्याने दिवसभर चढाया केल्या होत्या. लोकांचे चुकले असे नाही. चढाई सगळ्यांना दिसते. घोटा धरलेला हात गर्दीत कोणाला दिसत नाही. त्या धडपडीत पोराची करंगळी मोडली होती. गावच्या वैदूने बांबूच्या कांबीने बांधली. ती पुढे जन्मभर वाकडीच राहिली.

आठ दिवसांनी भंडाऱ्याहून फोटोवाला आला. शाळेची भिंत पावसाने खचलेली, चांगली दिसत नव्हती. म्हणून मागे पांढरी चादर धरायची ठरली. मी सांगितले, "बनियनवाल्यांनो, दोन रांगांत उभे राहा." आणि त्याला म्हटले, "तू रे, चादरीचे हे टोक धर." दुसरे टोक शिपायाने धरले. फोटो निघाला. अकरा पोरे, मध्ये ढाल, बाजूला हेडमास्तर, आणि कडेला मी, छाती काढून उभा.

त्यात माझ्या मनाला काही खटकले नाही, हेच सांगायला आज जड जाते. पोरगा दहावीला शाळा सोडून गेला. पुढे मासेमारी, उन्हाळ्यात तेंदूपाने, अधूनमधून बाहेरगावी मजुरी. कुठे भेटला की "नमस्कार जी गुरुजी" म्हणे आणि मी "काय रे, बरा आहेस ना?" म्हणून पुढे जाई. २०१९ साली तो वारला. वर्षश्राद्धाआधी त्याची मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, बाबाचा फोटो घरात नाही. आधार कार्डावर आहे, तो बाबासारखा दिसत नाही. बाबा सांगे का तो कबड्डीत जिंकला होता आणि शाळेत फोटो निघाला होता. तुमच्याकडे आहे का जी?"

मी पेटीतून फोटो काढला. तिच्या हातात देण्याआधीच मला आठवले आणि माझे पाय गळाले. तिने अकराही चेहरे बोटाने चाचपून पाहिले. एकेकाचे नाव मी सांगितले, पण बाप सापडेना. काय सांगणार होतो मी तिला? जे झाले ते सांगितले. ती काही बोलली नाही. मग फोटो उजेडाकडे धरून अगदी कडेला पाहत राहिली. चादरीच्या उजव्या काठावर चार बोटे दिसत होती. त्यातली करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. ती म्हणाली, "हे बाबाचे बोट आहे जी."

बेचाळीस वर्षे तो फोटो माझ्याजवळ होता आणि ती बोटे मी कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून एक कार्ड केले. मुलाने फोटोचा तेवढाच भाग मोठा करून दिला. आधारचे चित्र लावू का, असे मी विचारले, तर ती म्हणाली, नको, बोटेच ठेवा. पत्त्याच्या पानाएवढा जाड कागद घेतला. पुढच्या बाजूला ती चार बोटे आणि मागे पोराचे नाव, बापाचे नाव, गाव, ‘डावा कोपरा’, आणि त्या शेवटच्या पकडीची हकीकत पाच ओळींत. एक तिच्या घरी, एक माझ्या वहीत शिवलकर आणि चौगुल्यांच्या शेजारी. त्याचे नाव मी आज उच्चारले नाही, कारण जाताना ती म्हणाली, "नाव रेडिओवर नका सांगू, आईला रडू येते. कार्डावर आहे, पुरे."

त्या दिवसापासून मी हाच उद्योग धरला आहे. गावोगावचे जुने संघफोटो पाहतो आणि कडेला कोण आहे ते विचारतो. आपल्या झाडीपट्टीत तर शोधायला खूप आहे. शंकरपटाचेच पाहा. २०१४ साली न्यायालयाने शर्यती थांबवल्या आणि २०२१च्या डिसेंबरात पुन्हा वाट मोकळी झाली. त्या मधल्या काळातही ज्यांच्या ओसरीवर पटाच्या बैलजोडीचा हार घातलेला फोटो लटकत होता, अशी घरे मला ठाऊक आहेत. बैलांची नावे सांगतात, आजोबांचे नाव सांगतात, पण त्या जोडीवर बसलेल्या धुरकऱ्याचे नाव विचारले की पुन्हा तेच, ओठावर! कबड्डीचे तसेच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांचे प्रदर्शन केले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या पथकातली चार नावे सांगा म्हटले तर?

गुरुजनहो, हे काम वर्गातली पोरे करू शकतात, आणि खर्च नाही. प्रत्येकाने आपल्या घरातला किंवा मोहल्ल्यातला एक खेळाडू शोधायचा. आजी लंगडी खेळत असेल, तीही चालेल. बायकांच्या खेळाचे तर एकही चित्र सापडत नाही. मूळ फोटो घरच्यांकडून मागून न्यायचा नाही, त्याची मोबाईलवर नक्कल घ्यायची आणि ती कागदावर छापायची; मोबाईलमध्ये ठेवलेले चित्र मोबाईलबरोबरच जाते. मूळ फोटोला चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडून चित्र खाते. प्लॅस्टिकमध्ये गरम करून पक्का बंद करणेही नको. मागे लिहायचे ते शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने; शाईचा डाग भादव्यातल्या ओलीने पुढच्या बाजूला फुटतो. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी. वाळवी आपल्याकडे मातीच्या भिंतीतून येते, हे काय मी सांगावे! कडुनिंबाची वाळलेली पाने फडक्यात बांधून ठेवावीत, पण फोटोला लागू देऊ नयेत. आणि मागे लिहिताना नाव, गाव, साल याखेरीज एक गोष्ट अशी लिहावी जी त्या खेळाडूच्या घरच्यांशिवाय कोणी सांगू शकणार नाही. घरच्यांना वाचून दाखवावी. ते "नको" म्हणाले तर खोडावी. एवढेच नियम.

पुण्यात क्रिकेटच्या वस्तूंचे एक मोठे खाजगी संग्रहालय आहे. २०१२ साली सचिन तेंडुलकरांच्या हस्ते ते सुरू झाले. तिथे नामवंतांच्या बॅटी काचेत ठेवल्या आहेत. सहल गेली तर पोरांना जरूर दाखवा. मात्र परत आल्यावर आपल्या शाळेच्या कपाटाचे दार उघडा आणि त्या ढालीच्या मागे काय पडले आहे ते पाहा.

माझ्या त्या कार्डाची एक ओळ अजून कोरी आहे. सामन्याची तारीख मला सापडत नाही. शाळेच्या कागदांत फक्त ‘जानेवारी १९७७’ एवढेच आहे. आणि दुसरे असे की ज्याचा घोटा त्या दिवशी धरला गेला, तो उंच, दमदार गडी कोण, कुठला, हेही मला आज आठवत नाही. त्याचा संघ नदीच्या पलीकडचा होता आणि त्याच्या उजव्या घोट्याला माती लागून साल निघाली होती, एवढे डोळ्यांसमोर आहे. तो आज साठीच्या पुढे असेल. कोण जाणे, आत्ता कुठल्या तरी ओसरीवर रेडिओ लावून बसला असेल. असलात, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. तारीख आठवत असेल तर लिहा, आणि जवळ आपला एखादा जुना फोटो असेल तर त्याची नक्कल पाठवा. वहीत त्या चार बोटांच्या शेजारची जागा मी मोकळी ठेवली आहे.